आपण ‘कीन’ आहात का?

इंग्रजी भाषेशी माझे वैर मुळीच नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या शाखेच्या माणसाला इंग्रजीतल्या तीन गोष्टी आल्या की त्याचा संसार सुरळीत चालतो : डेबिट, क्रेडिट आणि ‘युवर्स फेथफुली’. पहिल्या दोन गोष्टींनी मला बँकेत कारकुनाची नोकरी दिली आणि तिसरीने वेळोवेळी रजा दिली. तेव्हा इंग्रजीबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. फक्त एका शब्दाशी माझे कधी जमले नाही. इंग्रजीत चार अक्षरे, मराठीत लिहायला दोनच. ‘कीन’.

हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो आठवीत. धड्याखाली कठीण शब्दांचे अर्थ लिहायचे होते. कोशात पाहिले तर ‘कीन’पुढे दोन अर्थ शेजारी शेजारी बसलेले. एक ‘तीक्ष्ण, धारदार’ आणि दुसरा ‘उत्सुक’. आता चाकू धारदार असतो हे मला माहीत होते आणि मामाच्या गावाला जायला मी उत्सुक असतो हेही माहीत होते. पण चाकू आणि मी एकाच विशेषणात कसे बसणार, हे काही केल्या कळेना. सरांना विचारले. सर म्हणाले, “परीक्षेत कोणता अर्थ लिहिशील?”

म्हटले, “ज्याला मार्क असतील तो.”

“मग झालं तर!” सर म्हणाले आणि पुढच्या धड्याकडे वळले. माझा प्रश्न मात्र तिथेच राहिला. तो पुढे लोहाऱ्यात निघायचा होता.

लोहारा हे यवतमाळला अगदी खेटून असलेले गाव. दारव्हा रस्त्याने निघालात की यवतमाळ कुठे संपले आणि लोहारा कुठे लागला हे फक्त तलाठ्याला आणि पोस्टमनला सांगता येईल. इथे एमआयडीसी आहे. जीन्सचे कापड विणणारा डेनिमचा मोठा कारखाना इथेच आला. गावाच्या नावातच लोहार असल्यामुळे इथे घरोघरी भाते फुंकत असतील अशी माझी बदलीच्या आधी कल्पना होती. प्रत्यक्षात माझा संबंध आला तो एकाच लोहाराशी, आणि तोही अर्जापुरता.

गोष्ट २००७ सालची. (बँकेचे नाव विचारू नका. माझे पेन्शन अजून बाकी आहे.) आमच्या त्या वेळच्या साहेबांना ‘कीन’ या शब्दाचा भारी सोस. बँकेत माणूस आला की त्याची ‘पार्टी’ होते हे आपल्याला ठाऊक असेलच. साहेब त्या पार्टीचे दोनच वर्ग करीत. ‘पार्टी इज कीन’ आणि ‘पार्टी इज नॉट कीन’. पहिल्या वर्गातला कागद पुढे सरके, दुसऱ्या वर्गातला फाइलीत जाई. छोट्या कर्जाच्या अर्जदारांशी प्राथमिक बोलून ‘रिमार्क्स’च्या रकान्यात दोन ओळी लिहिण्याचे काम साहेबांनी विश्वासाने माझ्यावर सोपवले होते. साहेब ज्याला विश्वास म्हणतात त्याला कारकून जादा काम म्हणतो. पण ते असो.

एके दिवशी दुपारी लोहारबुवा आले. पंचेचाळिशीचे असतील. मनगटापर्यंत काळे झालेले हात, डोक्याला उपरणे. काउंटरपाशी न येता दाराजवळच्या खांबाला टेकून उभे. मी बोलावले तेव्हा आले. म्हटले, “बोला भाऊ, कर्ज पाहिजे?”

“नाई, म्हंजे तशी काई अडचण नाई साहेब. पोरगं म्हनते, भात्याच्या जागी बिजलीचा ब्लोअर घेऊ, एक ग्राइंडर घेऊ. भेटलं त ठीक. नाई भेटलं त हात हायेतच.”

“पण तुम्हाला नक्की पाहिजे ना?”

“आता तुमच्या मनावर हाये साहेब.”

पंचवीस हजारांचा मामला. मी अर्ज भरून घेतला, अंगठ्याच्या जागी त्यांनी वळणदार सही केली, आणि ते गेल्यावर मी रकान्यात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिले : ‘ॲप्लिकंट डझ नॉट अपिअर कीन.’ वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचले. काय सांगू, बी.कॉम. झाल्याचे त्या दिवशी सार्थक वाटले. क्रियापद बरोबर, ‘डझ’ बरोबर, शेवटी पूर्णविराम. साहेबांनी खाली सही केली. अर्ज फाइलीत गेला.

पुढे माझी बदली झाली, मग आणखी एक झाली, आणि फिरून फिरून मी पुन्हा लोहाऱ्यात आलो. दरम्यान २०२२ साली अस्मादिकांना ऑफिसर होण्याची संधी आली. लेखी परीक्षा पास झालो. मुलाखतीला तीन साहेब बसले होते. मधल्या साहेबांनी हसून विचारले, “आर यू कीन ऑन धिस प्रमोशन?”

आता मला सांगा, चांगल्या घरच्या मराठी माणसाने याला काय उत्तर द्यावे? ‘हो, फार’ म्हणावे? लग्नात वाढपी जिलबी घेऊन आला तर आपण ताटावर हात आडवा धरतो. बोटांमध्ये फट ठेवतो, ती गोष्ट वेगळी. मी म्हटले, “इफ द बँक थिंक्स फिट, सर.”

“बाहेरगावी जावे लागेल.”

“ॲज यू विश, सर.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. महिन्याभराने यादी लागली. तीत माझे नाव नव्हते. एका मित्राने आतली बातमी आणली. माझ्या नावापुढे तीन शब्द होते : ‘कँडिडेट नॉट कीन.’

सौभाग्यवतींनी माझी समजूत घातली. “जाऊ द्या हो, बदली तरी टळली.” पण मला रात्री झोप लागेना. कुठेतरी हे वाक्य वाचल्यासारखे वाटत होते. पहाटे दोनच्या सुमाराला आठवले. वाचले नव्हते. लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन शब्दांच्या वंशावळी सांगणारा जाडजूड कोश उघडला. माणूस नापास झाल्यावरच मन लावून अभ्यास करतो. वाचकहो, त्या कोशात मला आठवीतल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

‘कीन’ हा शब्द हजार वर्षांहून जुना. जुन्या इंग्रजीत त्याचा उच्चार ‘केने’च्या जवळपास होता आणि अर्थ होता ‘शूर, धीट’. चाकूही नाही आणि उत्सुकही नाही. त्याचा जर्मन भाऊ ‘क्यून’ आजही ‘धाडसी’ याच अर्थाने नांदतो आहे. जर्मनांमध्ये कॉनराड नावाची माणसे असतात, त्यांच्या नावाच्या पूर्वार्धात हाच शब्द आहे. नावाचा अर्थ ‘सल्ला देण्यात धीट’. (असे लोक आपल्याकडेही पुष्कळ आहेत, पण त्यांना आपण कॉनराड म्हणत नाही.) उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेत याच कुळातल्या शब्दाचा अर्थ ‘कुशल, जाणता’ असा होता. आणि काही अभ्यासकांच्या मते हे सगळे घराणे ‘जाणणे’ या अर्थाच्या एका आदिम धातूपर्यंत जाते. तो धातू म्हणजे आपल्या संस्कृतातल्या ‘ज्ञा’चा नातलग. म्हणजे आठवीत ज्या शब्दाला मी परका समजलो तो लांबचा चुलत भाऊ निघण्याचा संभव आहे.

शूर माणसावरून शब्द गेला त्याच्या हातातल्या शस्त्रावर. तेराव्या शतकाच्या आसपास इंग्लंडात तलवारीचे पाते ‘कीन’ होऊ लागले. पात्यावरून तो बोचऱ्या वाऱ्यावर गेला, झोंबणाऱ्या थंडीवर गेला, तिखट बुद्धीवर आणि तीक्ष्ण नजरेवर गेला. आणि चौदाव्या शतकापर्यंत परत माणसावर आला, तेव्हा त्याचा अर्थ झाला होता ‘उत्सुक’. ज्याच्या इच्छेला धार आहे तो कीन. चाकू आणि मी एकाच विशेषणात बसतो ते असे.

इंग्रजांची ही खोडच दिसते. उत्सुकतेचा त्यांचा दुसरा शब्द ‘ईगर’. तो आला फ्रेंचांकडून आणि मुळात लॅटिनमधून, आणि त्याचाही अर्थ ‘तीक्ष्ण, आंबट’. ‘व्हिनेगर’ म्हणजे आंबट झालेली वाइन. त्या ‘नेगर’मध्ये हाच ‘ईगर’ लपला आहे. फार उत्साही माणसाला ते ‘मोहरीसारखा कीन’ म्हणतात. हा वाक्प्रचार १६७२ साली छापलेला सापडतो. पुढे १७४२ साली लंडनात कीन नावाच्याच घराण्याने मोहरीची पेढी काढली, म्हणून पुष्कळांना वाटते की वाक्प्रचार त्या दुकानावरून आला. तारखा पाहता दुकान सत्तर वर्षे उशिरा आले. आमच्या घरी लोणच्याची मोहरी फेसताना सौभाग्यवतींच्या डोळ्यांत जे पाणी येते आणि मला माजघरात ठसका लागतो, त्यावरून मोहरी ‘कीन’ का, हे मला कोशाशिवाय समजले.

कोशात आणखी एक ‘कीन’ आहे. स्पेलिंग तेच. त्याचा अर्थ मेलेल्या माणसासाठी हेल काढून रडणे. तो आयरिश भाषेतून आलेला, अगदी निराळा शब्द. त्यांचे नाते नाही. माझ्या बाबतीत मात्र पहिला न झाल्यामुळे दुसरा होण्याची वेळ आली होती.

आता वापराचे पाहा. ‘कीन ऑन’ म्हणजे एखाद्या गोष्टीची, माणसाची किंवा कामाची आवड. ‘कीन टू’ म्हणजे काहीतरी करायची उत्सुकता. ‘कीन प्राइस’ म्हणजे विलायतेत चक्क स्वस्त, स्पर्धेतली किंमत. त्या हिशोबाने ‘कीन इंटरेस्ट’चा अर्थ बँकेच्या काउंटरवर ‘कमी व्याज’ असाही व्हायला हरकत नाही. ‘इंटरेस्ट’ या शब्दाची हकीकत तर आम्हा बँकवाल्यांनी भिंतीवर लावावी अशी आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘मध्ये असणे, महत्त्व असणे’. मध्ययुगात युरोपात चर्चने व्याज घ्यायला बंदी केली. सावकार म्हणाले, आम्ही व्याज कुठे घेतो? पैसे वेळेवर आले नाहीत म्हणून झालेल्या नुकसानीची भरपाई घेतो. त्या भरपाईचे नाव होते ‘इंटरेसे’. त्याचेच पुढे इंटरेस्ट म्हणजे व्याज झाले. ‘रस, गोडी’ हा अर्थ पुष्कळ मागाहून, अठराव्या शतकात आला. म्हणजे आधी पैसे आणि मग प्रेम. हा क्रम आमच्या खात्यात अजून बदललेला नाही.

पण सगळ्यांत घातक वापर नकारार्थी. इंग्रज माणूस तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. तो ‘आय ॲम नॉट व्हेरी कीन’ म्हणतो. शब्दशः अर्थ ‘मी तितकासा उत्सुक नाही’, आणि खरा अर्थ ‘मरेन पण करणार नाही’. म्हणजे मी लोहाऱ्यातल्या त्या रकान्यात जे मऊ समजून लिहिले होते ते इंग्रजीत दार लावून घेतल्याचा आवाज होता. आणि गंमत पाहा, तिकडे इंग्रज सभ्यपणाने ‘नाही’ लपवतो, इकडे आमचा माणूस सभ्यपणाने ‘हो’ लपवतो. दोन्ही सभ्यता माझ्या एका रिमार्कात समोरासमोर आल्या आणि चेंगरला तो लोहार.

इंग्रज स्वतः कीन असला की कसा वागतो हे पाहायला आम्हा वऱ्हाडकरांना विलायतेला जायला नको. मे १८५३ मध्ये कंपनी सरकारने निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. कारण काय, तर निजामासाठी पोसलेल्या फौजेच्या खर्चाची बाकी थकली होती. बँकेच्या भाषेत सांगायचे तर थकीत कर्जापोटी अख्खा प्रांत जप्त! असली वसुली आमच्या कोणत्याही शाखेला साधलेली नाही. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे आमच्या काळ्या मातीकडे लागले. वऱ्हाड-मध्यप्रांताच्या कापसासाठी सरकारने वेगळा कॉटन कमिशनर नेमला. त्याचे नाव रिव्हेट-कार्नॅक. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १८७० साली खामगावच्या कापूस बाजारासाठी रेल्वेचा फाटा काढला तर त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आमच्या जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हे नाव १९०५ साली लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळहून मूर्तिजापूरला कापूस न्यायला छोटी गाडी सुरू झाली, तीच आपली शकुंतला. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडले होते आणि १९९४ पर्यंत ते धापा टाकत चालले. आता ती गाडीही बंद पडली आहे. या साऱ्या इतिहासात एकाही गोऱ्या साहेबाने ‘कापूस भेटला तर ठीक, नाही भेटला तर हात आहेतच’ असे म्हटल्याची नोंद मला आढळली नाही.

बरे, सगळेच इंग्रज कापसासाठी कीन होते असेही नाही. मोल्सवर्थ नावाचा लष्करातला एक अधिकारी आमच्या शब्दांसाठी कीन झाला. त्याने शास्त्री-पंडितांना हाताशी धरून १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, सुमारे पंचवीस हजार शब्दांचा. प्रकृती बिघडली म्हणून विलायतेला गेला. आणि पुन्हा परत येऊन १८५७ साली दुसरी आवृत्ती काढली, तीत शब्द झाले साठ हजारांच्या घरात. शब्द कसले, तर फाळ, भाता, ऐरण, सांडस यांसकट सगळे. लोहाराच्या सामानाची नावे त्या गोऱ्याने विचारून विचारून घेतली. मी मराठी माणूस, लोहार समोर उभा असताना मी त्याला एक प्रश्न विचारला आणि तोही चुकीचा.

चुकीचा का, तर आपल्या भाषेत या प्रश्नाला सरळ उत्तर देण्याची सोयच कमी. आपण उत्सुकतेला काय काय म्हणतो ते पाहा. ‘आतुर’. संस्कृतात आतुर म्हणजे रोगी. वैद्यापुढे बसतो तो आतुर. म्हणजे इच्छा हा आजार! ‘उतावळा’ म्हटले की लगेच गुडघ्याला बाशिंग. ‘हौस’ हा शब्द मूळ अरबी ‘हवस’, तिकडे त्याचा अर्थ वेडाच्या जवळ जातो. जत्रेत हौशे, नवशे आणि गवशे असे तीन प्रकारचे लोक येतात म्हणतात, त्यांत मान फक्त नवश्यांना. ‘इच्छुक’ हा शब्द त्यातल्या त्यात सभ्य होता. पण तो निवडणुकीच्या बातम्यांनी इतका वापरला की आता ‘इच्छुक’ म्हटले की खादीचा शर्ट आणि फ्लेक्सबोर्डच डोळ्यांसमोर येतो. इंग्रजाने इच्छेला पाते म्हटले. आपण तिला रोग, वेड किंवा तिकीट मागणारा म्हणतो. मग लोहाऱ्याचा लोहार काय आणि बी.कॉम. कारकून काय, दोघेही साहेबासमोर उभे राहिले की म्हणणार, “तुमच्या मनावर.”

एवढा इतिहास डोक्यात घेऊन मी एका रविवारी घरातली विळी पिशवीत घातली आणि लोहारबुवांच्या शेडवर गेलो. विळीला धार नव्हती हे खरे, पण विळी हे निमित्त होते हेही खरे. शेड तीच. भाताही तोच, चामड्याचा, ठिगळे लावलेला. बुवा साठीच्या पुढे गेलेले. मला त्यांनी ओळखले नाही. बँकेतला माणूस काउंटरच्या बाहेर आला की ओळखू येत नाही.

विळी निखाऱ्यात घालून बुवा भाता ओढू लागले. मी विचारले, “फक्त घासून धार नाही का येत?”

“येते. दोन दिस ऱ्हायते.” ते म्हणाले. “पातं तापवा लागते, ठोका लागते, मंग पानी द्या लागते. कमी तापलं त धार वाकते. जास्त कडक झालं त तुटते. रंग पाहून काढा लागते बाहेर. ते पुस्तकात नाई येत.”

त्यांनी पाते बाहेर काढले, ऐरणीवर ठोकले, पुन्हा तापवले आणि पाण्यात घातले. चर्रर्र आवाज झाला. मला एकदम आठवले की ‘कीन’च्या वंशावळीत ‘शूर’, ‘जाणता’ आणि ‘धारदार’ हे तीन अर्थ होते. तिन्ही माझ्यासमोर लाकडी पाटावर बसले होते. आणि चौथ्या अर्थाबद्दल, म्हणजे ‘उत्सुक’बद्दल, मी २००७ साली शेरा मारला होता.

शेवटी सांगून टाकले. म्हटले, “बुवा, तुम्ही पूर्वी आमच्या बँकेत ब्लोअरसाठी अर्ज केला होता. तो मी लिहिला होता. तुम्हाला कर्जाची तेवढी निकड दिसत नाही, असं मी त्यात लिहिलं होतं.”

बुवांनी विळीवरून नजर काढली नाही. अंगठा आडवा धरून धार पाहिली.

“साहेब,” ते म्हणाले, “म्या तीन येळा आलो होतो तवा. दोनदा तुमची जेवनाची सुट्टी होती. तीन दिस शेड बंद ठेवली, पेरनीच्या तोंडावर. निकड नसती त आलो असतो का?”

मला उत्तर सुचले नाही. वाणिज्य शाखेत अशा प्रश्नांची उत्तरे शिकवत नाहीत. पेरणीच्या तोंडावर लोहाराने शेड बंद ठेवणे म्हणजे मार्चअखेरीला बँकेने शटर ओढणे. माणसाची इच्छा त्याच्या तोंडाला विचारून मी रकाना भरला. पायांना विचारायला हवे होते.

“मग पुढे काय केलंत?”

“काई नाई. सावकाराचे घेतले थोडे, शेकडा तीननं. ग्राइंडर आलं, ब्लोअर ऱ्हायला. पोराचं मन उडालं. गेला पुन्याले, दुसऱ्याच्या दुकानात गेटं जोडते. आता म्हनते, वापस येतो, आपलंच वेल्डिंगचं काम टाकू.” मग थोडे थांबून, “बँक देते का आता?” आणि लगेच, सवयीने, “नाई भेटलं त काई नाई.”

शेकडा तीन म्हणजे महिन्याला. वर्षाचा गुणाकार मला तोंडपाठ आहे. छत्तीस. माझ्या एका ‘कीन’चा भाव.

मी म्हटले, “बुवा, ते शेवटचं वाक्य बँकेत म्हणायचं नाही.”

सांगायला आनंद वाटतो की १७ सप्टेंबर २०२३ पासून प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू झाली आहे. तिच्यातल्या अठरा व्यवसायांत लोहार आहे. अवजारांसाठी पंधरा हजारांची मदत, तारण न घेता आधी एक लाखापर्यंत आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज, व्याज पाच टक्के. याला म्हणतात कीन इंटरेस्ट! ग्रामपंचायतीपासून सगळे कागद मीच बुवांबरोबर हिंडून जमवले. साहेबांना वाटले मला त्यात कमिशन आहे. कारकून एखादे काम स्वतःहून करू लागला की वरिष्ठांना संशय येतोच.

हल्ली आमच्या शाखेला एक तरुण ऑफिसर आहेत. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, त्यामुळे मी त्यांना साहेब म्हणतो आणि ते मला काका म्हणतात. बुवांचा अर्ज त्यांच्यापुढे गेला. संगणकावर रिमार्कसाठी एवढीशी जागा असते. तीत मी टाइप केले होते : ‘ॲप्लिकंट व्हेरी कीन.’

साहेबांनी चष्म्यावरून पाहिले. समोर बुवा खांबाला टेकून, खाली बघत, आपण इथे चुकून आलो आहोत अशा चेहऱ्याने उभे होते.

“काका, हे कशावरून लिहिलंत? तसं काही दिसत तर नाही.”

म्हटले, “साहेब, हा माणूस तीन वेळा येऊन गेला.”

“कधी? मी तर बघितलं नाही.”

“दोन हजार सातमध्ये.”

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग बुवांकडे पाहिले आणि त्यांनी बसायला खुर्ची सांगितली. अर्ज पुढे सरकला.

त्या विळीने परवा सौभाग्यवतींचे बोट कापले. नेहमीच्या बोथट विळीची सवय, जोर लावायला गेल्या. बोटाला पट्टी बांधता बांधता मी त्यांना ‘कीन’चे चारही अर्थ समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, “तेवढं मुलाखतीत सांगितलं असतं तर!”

पुढच्या वर्षी पुन्हा प्रमोशनची परीक्षा आहे. अर्ज आणला आहे. अजून भरलेला नाही. म्हणजे, मिळाले तर ठीक...

पाहा, पुन्हा तेच आले तोंडात. उद्या सकाळी आधी अर्ज भरतो.